लुक्का, फक्त दोघांसाठी

मिसिसागा,
११ जानेवारी

प्रिय एलेन,

पाकीट बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. हाताने लिहिलेलं पत्र आलं की आधी कोण गेलं ते बघायची आपली वसईची सवय, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

पत्र लिहायची पाळी तुझ्या मंगळवारच्या मेसेजने आणली. मी व्हॅन चालवत होतो, शेजारी माझा फोरमन दिलीप, मागे चाळीस पेट्या टाइल. ही नवीन व्हॅन आलेला मेसेज आपण होऊन मोठ्याने वाचते. आतली बाई इंग्रज आहे. तू रोमन लिपीत लिहिलेलं मराठी तिने तिच्या पद्धतीने वाचलं: "आटवन येटे का विचारू नकोस. येटे." दिलीप नागपूरचा. एक अक्षर सुटलं नाही त्याच्या कानातून. तिसऱ्या सिग्नलला म्हणाला, "बॉस, रिप्लाय करायचा का, असं विचारतेय ती."

तुझ्याकडे तुझ्या लेकीच्या, लॉराच्या आयपॅडवर तुझे सगळे मेसेज उमटतात, हे तूच सांगितलंस. तेव्हा आता कागद. कॅनडा पोस्ट काय हवा तेवढा वेळ घेऊ दे, मोठ्याने वाचत तरी नाही.

मुद्द्यावर येतो. एप्रिलच्या चोवीस ते सत्तावीस, तीन रात्री, तू आणि मी, इटलीतलं लुक्का.

लुक्काच का ते ऐक. एकोणनव्वद साली मला या देशात पहिलं काम माझ्या आडनावाने मिळवून दिलं. दिनो नावाचा इटालियन कंत्राटदार होता. त्याने फॉर्मवर 'तुस्कानो' वाचलं आणि तोंडही न बघता सकाळी सहाला यायला सांगितलं. सहाला मी उगवलो. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, तुस्कानीतल्या कुठल्या गावचा? मी आपल्या वसईकडचं गाव सांगितलं, नंदाखाल. तो विचार करून म्हणाला, "दक्षिणेकडे असणार." बारा वर्षं मी त्याच्या हाताखाली टाइल बसवल्या. तो लुक्काचा. जेवणाच्या सुट्टीत गावाच्या भिंतीबद्दल बोलायचा. शहराभोवती पूर्ण गोल भिंत, वर रस्त्याएवढी रुंद, झाडं लावलेली. बांधायला शंभरावर वर्षं लागली आणि लढाई एकही झाली नाही. दिनोचं म्हणणं, शत्रू आले, इतकं चांगलं काम बघितलं आणि घरी गेले.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपली माणसं रोमला जातात, असिसीला, पादुआला, लूर्दला जातात. जिथे नवस नाही तिथे वसईकर नाही. लुक्कात आपला कोणीही संत नाही, मी नीट चौकशी केली आहे. तिथे आपल्याला बघणारं कोणी नसेल.

दोन खोल्या सांगून ठेवल्यात, दोन किल्ल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हे बुकिंगच्या पानावर कुठेच नाही, घरमालकिणीने फोनवर सांगितलं. त्रेसष्ट पायऱ्या आहेत, तेव्हा सामान कमी आण.

आणि बेत असा. भिंतीवरून एक पूर्ण फेरी, चार किलोमीटर. फेरी संपली की मी तुला एक प्रश्न विचारणार. प्रश्न काय ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि मंगळवारपासून दिलीपलाही माहीत आहे. तिथेच हो किंवा नाही सांगायचं. नाही म्हणालीस तर आइस्क्रीम खाऊन परत येऊ, आणि मी परत कधी विचारणार नाही. मी एकसष्ट वर्षांचा आहे, एलेन. माझ्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. मला संध्याकाळी सहाला घरी परत यायचं आहे, आणि घरात कोणीतरी असावं, ते कोणीतरी तू असावीस.

येशील?

तुझा,
पर्सी

•

लव्हाल,
२४ जानेवारी

प्रिय पर्सी,

'दादा' गाळलंय, लक्षात आलं का? मेबल माझी तिसरीपासूनची मैत्रीण, तू तिचा मोठा भाऊ. पन्नास वर्षं जिभेला पर्सीदादा म्हणायची सवय. गेल्या उन्हाळ्यात इथे मॉन्ट्रियलकडच्या एका बारशाला तू हॉलच्या फरशीवर बुटाची टाच आपटून "इथे खाली पोकळ आहे" म्हणालास, तेव्हा मी तुला पहिल्यांदा नुसतं पर्सी म्हटलं. घरी जाऊन तोंड धुतलं. वाटलं, काहीतरी पाप केलं.

तुझं पत्र मी गार्डेरीच्या, म्हणजे आमच्या पाळणाघराच्या, स्वयंपाकघरात वाचलं. साठ मुलांचं सूप शेगडीवर होतं. ते उतू गेलं. त्रेसष्टाव्या पायरीपर्यंत मी ठीक होते, पुढचा परिच्छेद आला आणि सूप गेलं. मुलांनी त्या दिवशी बिस्किटं खाल्ली आणि माझ्या नावाने आनंदाने ओरडली.

डाकोर, म्हणजे इथल्या फ्रेंचमध्ये 'कबूल'. येते.

लॉराला सांगितलं की ऑफिसच्या बायकांबरोबर चार दिवस जातेय. ऑफिस कुठलं, बायका कुठल्या, हे तिने विचारायच्या आत मी तिला कपडे वाळत घालायला लावलं. उपवासकाळ सुरू व्हायच्या आत जे काही खोटं बोलायचं ते बोलून घेतेय, नंतर अवघड जाईल.

आता माझ्या अटी. एक, मेबलला कळता कामा नये. तिला कळलं की मिसिसागाला कळलं, आणि मिसिसागाला कळलं की नंदाखालला चहाच्या वेळेपर्यंत कळतं. दोन, इटलीत तू कुठल्याही चर्चच्या फरशीवर टाच आपटायची नाहीस. सातशे वर्षं टिकली आहे, तुझ्याशिवायही टिकेल. तीन, बूट कसले आणायचे ते लिही.

अजून एक विचारते. तिथे आपण दिवसभर काय बोलणार? फेरीला दीड तास धर. बाकीचे सत्तर तास?

एलेन

•

मिसिसागा,
९ फेब्रुवारी

प्रिय एलेन,

बस. हे पत्र बसून वाच. शेगडी बंद आहे ना?

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी इतका खूश होतो की फावड्याने बर्फ काढून ड्राइव्हवे साफ करून झाल्यावर शेजाऱ्याचाही केला, मग त्याच्या शेजाऱ्याचा. रोज सकाळी सातला मॉलमध्ये चालायला जातो, दुकानं उघडायच्या आत, म्हाताऱ्यांच्या टोळीत. चार किलोमीटरला बावन्न मिनिटं. बूट साधे आण, तळ मऊ असलेले.

तर या खुशीत मी एक काम केलं. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून चर्चमध्ये प्रार्थनेचा एक मिस्सा सांगितला. आपण माणसं, विमानात पाय ठेवायच्या आधी मिस्सा सांगणारच. पण मी हुशारी केली. बुधवारी सकाळी आठच्या इंग्रजी मिस्साचा दिवस निवडला. त्याला तीन आयरिश आज्या येतात आणि एक माणूस येऊन झोपतो. पैशांच्या पाकिटावर मिस्सा कशासाठी तो हेतू लिहिला: 'पर्सी तुस्कानो आणि एलेन मच्याडो यांच्या लुक्का प्रवासासाठी, आणि तिथे मनासारखं उत्तर मिळावं म्हणून.' देवाला सगळं सविस्तर सांगावं, या हिशेबाने.

चर्चच्या ऑफिसात एक भली बाई बसते. तिने नावं बघितली. तिला वाटलं, ही मराठी माणसं, यांचा हेतू यांच्या भाषेत वाचला तर यांना किती बरं वाटेल. तिने तो उचलून काल, रविवारी, महिन्यातून एकदा होणाऱ्या आपल्या मराठी मिस्साला लावला. हॉल भरलेला. हेतू वाचायला माइकवर कोण, सांगू?

मेबल.

ती वाचत आली: अमक्याच्या आत्म्यासाठी, तमक्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. मग "पर्सी तुस्कानो आणि". तिथे थांबली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आणि माझी बहीण आहे, अर्धवट सोडणाऱ्यातली नाही. एकेक शब्द सुटा करून शेवटपर्यंत वाचला. 'मनासारखं उत्तर' दोनदा वाचलं. सगळ्या हॉलने "हे प्रभो, आमची विनंती ऐक" असं म्हटलं. इतक्या मनापासून मी ते आजवर ऐकलेलं नाही. माझ्या शेजारी माझा मुलगा ज्युड होता. तो खालच्या आवाजात एवढंच म्हणाला, "Dad, what answer?"

नंतर पार्किंगमध्ये मेबलने मला गाठलं. माझ्याच मैत्रिणीवर डोळा ठेवलास, मला विचारायचीही गरज वाटली नाही, वगैरे वगैरे. मग रडली. मग माझे दोन्ही गाल ओढले. म्हणजे ती खूश आहे, असा मी अर्थ लावला.

पण एलेन, आपण वाचलो आहोत. कारण प्रत्येकाने मला विचारलं की लुक्कात आहे काय. मी म्हणतो, भिंत. चेहरे पडतात. संत कोण? कोणी नाही. चमत्कार? नाही. लोक बिचारे सांत्वन करून निघून जातात. यायचं कोणाच्याही डोक्यात नाही.

तुला फार राग आला असेल. चार शिव्या लिही, पण येणं रद्द करू नकोस.

तुझा गाढव,
पर्सी

•

लव्हाल,
२० फेब्रुवारी

प्रिय पर्सी,

राग आला नाही. मला मिस्सा संपायच्या आत तीन फोन आले होते, त्यातला एक नंदाखालहून. लॉराला खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "Maman, finally," आणि फ्रिज उघडून उभी राहिली. माझ्या मुलीला भावना आवरत नाहीत तेव्हा ती फ्रिज उघडते.

मेबलचाही फोन आला. हवापाण्याचं बोललो.

बूट घेतले. राखाडी, मऊ. इथे अजून गुडघ्याएवढा बर्फ आहे, तेव्हा घरातल्या घरात घालून फिरते.

खोल्या लागून आहेत का, की मध्ये जिना आहे? सकाळी न्याहारी एकत्र करायची असते का? मी सकाळी फारशी बोलत नाही, हे तुला माहीत आहे का? माहीत कसं असणार. आपण आजवर सलग किती वेळ एकत्र होतो ते मी मोजलं. बारशाला चार तास, नाताळात तू आलास तेव्हा सहा. त्यातले दोन तू माझ्या वॉशरूमची टाइल दुरुस्त करत होतास.

असो. सगळं ठीक आहे.

एलेन

•

मिसिसागा,
१४ मार्च

प्रिय एलेन,

सव्वीस.

सव्वीस माणसं येत आहेत. आपल्या दोघांना धरून. लुक्काला. फादरसकट.

मी गेले दहा दिवस शेतात बुजगावणं उभं असतं तसा उभा आहे आणि माझ्याभोवती यात्रा जमते आहे. झालं असं की मेबल गेल्या आठवड्यात घरी आली, टेबलावर एका संतिणीचं चित्र ठेवलं आणि म्हणाली, "लुक्कात कोणी नाही म्हणालास ना? ही कोण?"

संत झीता. बाराव्या वर्षी लुक्कातल्या एका घरात मोलकरीण म्हणून लागली, मरेपर्यंत त्याच घरात राबली. मालकाच्या घरातली भाकर गरिबांना न्यायची. कोणी अडवलं तर एप्रनमध्ये भाकरीची फुलं व्हायची. घरकाम करणाऱ्यांची आश्रयदाती. सातशे वर्षांहून जास्त झाली, तिचा देह तिथल्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत आहे. आणि सण कधी? सत्तावीस एप्रिल. चौक फुलांनी भरतो. मी एक नीट चौकशी केली होती, ती ही.

आता तूच विचार कर. आपल्या मिसिसागाच्या निम्म्या बायका कुवेतला, मग इथे, लोकांची घरं आणि मुलं सांभाळून वर आल्या. त्यांची स्वतःची संत निघाली. त्यांना कोण थांबवणार? मला तर थांबवावंसंही वाटेना, हीच माझी पंचाईत.

बस ठरली. सव्वीस जणांची, एक खुर्ची जास्त नाही. पिवळ्या टोप्या शिवायला टाकल्या. माझं नाव आयोजक म्हणून छापलं, मला न विचारता. आणि आपली फेरी, एलेन. आपल्या फेरीत आता रोझरी आहे. दर दोन बुरुज सोडून माळेच्या दहा मण्यांचं एक दशक. ज्युडने ध्वनिवर्धक दिला आहे, चाकं असलेला. फेरी संपली की मी प्रश्न विचारणार होतो, आता फेरी संपली की डबे उघडणार आहेत. फादरनी मला बाजूला घेतलं, मला वाटलं काही उपदेश करतील. ते म्हणाले, तुम्ही विचाराल तेव्हा व्हिडिओ काढला तर चालेल का.

यादीत सत्ताविसावी प्रमिलाताई. तिला तू ओळखतेस, चौतीस वर्षं एकाच कुटुंबाकडे होती, त्यांची नातवंडंही तिनेच वाढवली. तिचा नंबर हुकला. ती रोज फोन करून माझी तब्येत विचारते. आधी वाटलं, किती माया. मग कळलं की कोणी आजारी पडतंय का ते बघतेय.

इथपर्यंत हसून घेतलंस ना? आता एक गोष्ट हळू आवाजात.

परवा मेबल खोल्यांची वाटणी करत होती. म्हणाली, तू तुझ्या त्या खोल्या सोड आणि आमच्या हॉटेलात ये, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही, त्रेसष्ट पायऱ्या कोण चढणार.

माझा धंदा कानाचा आहे. टाइलवर बोटाचं टोक मारतो आणि खाली सिमेंट धरलंय की नाही ते ऐकतो. पायऱ्यांचं मी मेबलला सांगितलेलं नाही. ज्युडला नाही, दिलीपला नाही. एकाच माणसाला लिहिलं होतं, शाईच्या पेनाने.

झीताचं मेबलला तूच सांगितलंस ना?

मला राग नाही. पण का, ते कळायला हवं. कारण भिंत, टोप्या, ध्वनिवर्धक, हे सगळं मी निभावून नेईन. तू घाबरून त्यांना बोलावलं असशील तर मात्र मी काही निभावत नाही, मी तुला ओढत नेतोय.

पर्सी

•

लव्हाल,
२७ मार्च

प्रिय पर्सी,

हो. मीच.

तुझ्या पहिल्या पत्रात 'लुक्कात आपला कोणीही संत नाही' वाचलं तेव्हाच मला हसू आलं होतं. मॉन्ट्रियलला आल्यावर पहिली सहा वर्षं मी सेंट-लिओनार्डला एका इटालियन बाईकडे राहिले, तिची जुळी सांभाळायला. तिच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर झीताचं चित्र होतं. पहिल्या हिवाळ्यात, मला ना फ्रेंच येत होतं ना इटालियन, मी दिवसभर त्या चित्राशी मराठीत बोलायची. नोकरी सोडताना बाईने ते मला दिलं. अजून माझ्या फ्रिजच्या दारावर आहे. लॉरा फ्रिज उघडते ना, तेव्हा तिला झीताच दिसते.

तुला लिहिणार होते. मग वाटलं, तू इतका खूश आहेस संत नाही म्हणून, राहू दे.

मग मेबलचा फोन आला. मी हवापाण्याचं बोललो असं लिहिलं, ते खोटं. दोन तास बोललो. ती विचारत होती, तिथे करणार काय दोघं. आणि माझ्या तोंडून झीता निघाली. पायऱ्याही निघाल्या. मला माहीत होतं पुढे काय होणार. मेबलला एक संत देणं म्हणजे काय, हे मला नाही तर कोणाला कळणार. फोन ठेवला आणि मला हायसं वाटलं. त्या रात्री मी गाढ झोपले, पर्सी. याची मला लाज वाटते.

माझ्या नवऱ्याला, ऍलनला जाऊन अकरा वर्षं झाली. तो असताना घरात बोलायला काही नसायचं तेव्हा टीव्ही असायचा, लॉरा असायची, त्याची आई असायची. नुसतं दोघांनी राहायची वेळ कधी आलीच नाही. तुझी पत्रं मला आवडतात. तुझ्या पत्राच्या दिवशी मी पोस्टमनला "बोंजूर" इतक्या जोरात म्हणते की तो मागे सरकतो. पण पत्रातला माणूस मला सोयीचा आहे. हवा तेव्हा उघडावा, घडी करून ठेवावा. सत्तर तास समोर बसलेला पर्सी कसा असेल? आणि मी कशी असेन? दुसऱ्या दिवशी न्याहारीला आपण दोघं गप्प बसलो तर? सव्वीस माणसं असली की कोणी गप्प बसूच शकत नाही. म्हणून बोलावली.

मला नाही म्हणायचं नाहीये. पण हो म्हणता येईल की नाही, हे मला खरंच ठाऊक नाही. हे तुला आधी सांगायला हवं होतं. उतू गेलेल्या सूपपेक्षा ही चूक मोठी आहे.

एलेन

•

मिसिसागा,
७ एप्रिल

प्रिय एलेन,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग व्हॅनमध्ये ठेवलं, मग दिलीपला दिसेल म्हणून शर्टात ठेवलं.

टाइल बसवली की चोवीस तास पाय ठेवायचा नसतो. घरमालक नेहमी घाई करतो, म्हणतो, सुकलं असेल की. पाय ठेवतो, टाइल हलते आणि खापर आमच्यावर. इतकी वर्षं मी लोकांना हे समजावतोय आणि स्वतः काय केलं? दहा तासांची ओळख, तीन रात्रींचं शहर, चार किलोमीटरवर प्रश्न. मीच ओल्यात पाय ठेवला.

तर माझा निर्णय असा. मी लुक्काला येत नाही. तू जा. मेबलबरोबर जा, सगळ्यांबरोबर जा, रोझरी म्हण, तुझ्या झीताला भेट. तुझ्या फ्रिजवरची ती बाई, तिला एकदा समोरून बघून ये. खरं म्हणजे ही सहल तुझीच होती, मी चुकून तिचं तिकीट काढलं.

माझी जागा प्रमिलाताईला दिली. सांगायला घरी गेलो. ती आत गेली. मला वाटलं चहा ठेवतेय. भरलेली बॅग घेऊन बाहेर आली. गेला महिनाभर भरून ठेवली होती.

मेबलला मी फक्त पाठ धरली आहे असं सांगितलं. ती म्हणाली, तरी म्हणत होते, शेजाऱ्यांचा बर्फ काढू नकोस.

प्रश्न मी मागे घेतलेला नाही. तो इथेच आहे, मिसिसागात, सुकतोय. तुला घाई नाही, मला आहे, पण ती मी मॉलमध्ये चालून जिरवतो. आता चार किलोमीटरला सेहेचाळीस मिनिटं. म्हातारे मला हात करतात.

एकच मागणं. परत आलीस की पत्र लिही. गप्प बसायचं असेल तर कोरा कागद पाठव. मी वाचेन.

पर्सी

•

ट्रेनमध्ये, किंग्स्टनच्या पुढे कुठेतरी,
२३ एप्रिल

प्रिय पर्सी,

हे पत्र पोस्टात टाकणार नाहीये.

सगळी आज संध्याकाळी निघतात. म्हणजे मी तुझ्या दारात पोचेन तेव्हा मेबल, फादर, प्रमिलाताई आणि पिवळ्या टोप्या विमानतळावर रांगेत असतील. मिसिसागात आपल्याला बघणारं कोणी उरलेलं नसेल. मी लुक्का शोधत होते, ते हे निघालं.

रविवारी मेबलला फोन केला. माझी जागा सोडतेय म्हटलं. तिने विचारलं तुझी पण पाठ का? मी तिला खरं सांगितलं. झीता तुला मी भीतीपोटी दिली होती, आता भीती गेली नाहीये पण मला तिच्या आड लपायचं नाही. आणि पर्सी येत नाही म्हटल्यापासून मला लुक्कात काहीच बघायचं उरलेलं नाही. हे मला पाच दिवस सूप ढवळताना कळत होतं, मी कळून घेत नव्हते.

मेबल गप्प. आपली मेबल, पर्सी. मी घड्याळ बघितलं, पूर्ण मिनिटभर गप्प. मग म्हणाली, "म्हणजे आता मी तुला वहिनी म्हणायचं?"

तिसरीत माझी पेन्सिल खाल्ली होती तिने. मी म्हटलं, "म्हण."

ती रडायला लागली, मी हसायला लागले, आणि मग दोघींचं उलट झालं. लॉरा धावत आली आणि फ्रिज उघडून उभी राहिली.

तेव्हा उत्तर तुझ्या बहिणीला तुझ्या आधी मिळालं, याबद्दल माफ कर. तरीही तू प्रश्न विचारायचाच आहेस, सगळा, नीट, खुर्चीवर बसून. मी पाच दिवसांची रजा काढली आहे. गार्डेरी मी सोडणार नाही, ते बोलावं लागेल. लव्हालात टाइलची कामं भरपूर आहेत आणि तुला फ्रेंच शिकायला लागेल, तेही बोलावं लागेल. सकाळी मात्र मी बोलत नाही. उद्या न्याहारीला आपण दोघं गप्प बसून बघू कसं वाटतं. मला आता त्याचीच उत्सुकता आहे.

शेजारी बसलेला तरुण मगाचपासून विचारतोय, मी एकटीच का हसतेय. मी त्याला मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "Congratulations."

हे पाकीट मी तुझ्या हातात देणार, आणि तू दारातच उभा राहून वाचणार, हे मला माहीत आहे. वाच. मी थांबते. वाचून झालं की तोंड मिट आणि दारातून बाजूला हो. बाहेर गारठा आहे, आणि माझ्या हातात अजून दोन पिशव्या आहेत.

एलेन